सहावा मणका

ही हकीकत सांगायची मी सात वर्षं टाळली. या अंकाच्या संपादकांनी मला आजवर तीनदा लिहायला सांगितलं. पहिल्या वेळी मी आमच्या खात्यातले गमतीचे किस्से लिहून दिले. दुसऱ्या वेळी कर्करोगाबद्दलच्या गैरसमजांवर एक माहितीचा लेख दिला. तिसऱ्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनची सबब सांगितली. ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण ते होऊन सहा महिने उलटले होते. या वर्षी त्यांचा फोन यायच्या आधी मीच केला आणि म्हणालो, पानं ठेवा.

मी डॉक्टर नव्हे. नगरच्या एका रुग्णालयात किरणोपचार देणारा टेक्नॉलॉजिस्ट होतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण माझा हात अजून नगरच लिहितो.) कुठं किरण द्यायचे, किती द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. ते कोणत्या बाजूंनी आणि कसे पोचवायचे याचं गणित फिजिसिस्ट मांडतात. आणि माणसाला टेबलावर निजवून, गणिताप्रमाणे अचूक जागी आणून बटण दाबायचं, ते आमचं काम. ऐकायला हे हमालीचं वाटतं. पण वरच्या दोघांनी कितीही चांगलं काम केलं तरी शेवटच्या माणसानं रुग्ण दोन बोटं सरकवला की सगळं वाया जातं. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो. मोठ्या ऐटीत सांगायचो.

मणक्यातल्या गाठीचा उपचार तर फार बारकाव्याचा. कर्करोग मूळ जागेहून निघाला की पुष्कळदा मणक्यात जाऊन बसतो. मणक्याच्या मधोमध मज्जारज्जू असतो, म्हणजे मेंदूकडून पायांकडं जाणारी जिवंत दोरी. गाठ जाळायची आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवर असलेल्या दोरीला धक्का लावायचा नाही, असा तो मामला. जुन्या पद्धतीत मणक्यांचा सगळा पट्टाच थोड्या थोड्या किरणांनी भिजवून काढायचे, पाटाचं पाणी वाफ्यात सोडतात तसा. मोठी मात्रा देताच यायची नाही, कारण दोरीही त्याच पाण्यात. नवी पद्धत ठिबकासारखी. जिथं मूळ आहे तिथंच. तीन बैठकांत भरपूर मात्रा, आणि कडेला एकदम कमी. त्यासाठी माणूस पाऊण तास दगडासारखा पडून राहायला हवा. त्याच्या पाठीखाली बारीक मण्यांची गादी असते. तिच्यातली हवा काढून घेतली की ती अंगाच्या आकाराची होऊन कडक बनते. पोटावर आणि दोन्ही कुशींवर शाईच्या खुणा करतात आणि भिंतींतून येणाऱ्या लाल रेघा त्या खुणांवर आणतात. मग मशीन त्याच जागी फोटो काढतं. तो फोटो उपचाराआधी काढलेल्या स्कॅनवर बसवून पाहायचा, जुळला की बटण.

या लाल रेघांनी आमची करमणूकही पुष्कळ केली. राजूरकडच्या एका आजींना वाटायचं की औषध म्हणजे तो लाल उजेडच. त्या पडल्या पडल्या मला म्हणायच्या, "बाबा, जरा गुडघ्यावर बी मार की." मी दोन मिनिटं रेघ गुडघ्यावर सोडायचो. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, गुडघ्याला फरक हाय. शाईच्या खुणांचा मात्र ताप असायचा. त्या पुसू द्यायच्या नाहीत असं बजावलं तरी कुणी घासून अंघोळ करायचा, कुणी हळद लावून यायचा. एका बाईंनी तर वैतागून विचारलं होतं, त्यापरीस गोंदूनच का टाकत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं, काही ठिकाणी बारीक ठिपके गोंदतातच. आमच्याकडं शाईच होती.

खोलीत टेबलाच्या बरोबर वर, छताला, मी एक पाटी लावून घेतली होती. निजलेल्या माणसाला तेवढी एकच गोष्ट दिसायची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हलू नका.

ती पाटी वाचून मोकळेपणानं हसलेले एकच रुग्ण मला आठवतात. रंभाजी आबा. सोनईजवळच्या वस्तीवर राहायचे. वय सत्तरीच्या आसपास. थोडी शेती, आणि घराण्यात चालत आलेलं हाड बसवायचं काम. निसटलेला खांदा, मुरगळलेला पाय, लचकलेली कंबर. पंचक्रोशीतली माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची. मोडलेलं हाड असेल तर ते हात लावायचे नाहीत, नगरला पाठवायचे. या कामाचे पैसे घेत नसत. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, आणि आता कमरेच्या पहिल्या मणक्यात एकच गाठ दिसली होती. बाकी अंग स्वच्छ. या नव्या पद्धतीसाठी असा रुग्ण म्हणजे अगदी योग्य. आमच्या डॉक्टर मॅडम त्यांच्या मुलीला, चंद्रकलाला, म्हणाल्या होत्या की हे नीट झालं तर आबा पुढची काही वर्षं स्वतःच्या पायांवर हिंडतील. चंद्रकला नगरातच दिलेली. तीच त्यांना रिक्षातून आणायची.

पाटी वाचून आबा म्हणाले, "ही माझ्या ओट्यावर पायजे. सारा जलम मी हेच सांगत आलो लोकांना. हाड बसवायला ताकद लागत न्हाई साहेब. समोरचा हालला न्हाई की हाड आपसूक जातं जाग्यावर."

मी म्हणालो, "मग आज तुमची परीक्षा."

"घ्या की."

पहिल्या बैठकीत पाऊण तास ते असे पडून राहिले की मी दोनदा कॅमेऱ्यात पोटाची हालचाल निरखून पाहिली. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत असा निश्चल माणूस मी पाहिला नव्हता. मॅडम आणि आमची फिजिसिस्ट नीता, दोघी त्या दिवशी पडद्यासमोर होत्या. सगळं जिथल्या तिथं झालं. तो सोमवार होता. पुढची बैठक बुधवारी, शेवटची शुक्रवारी.

बुधवारी आबा आले तेव्हा अंगावरच्या खुणा गेलेल्या. रात्री पाठ दुखली म्हणून चंद्रकलानं तिळाचं तेल कोमट करून पाठीला, कुशींना चोळलं होतं. हाडवैद्याच्या घरात दुखण्याला तेल लावायचं नाही तर काय करायचं? ती ओशाळून म्हणाली, "म्या पाठीला लावत हुते, पर वघळलं ते समदीकडं."

अशा वेळी नियम सरळ आहे. रुग्णाला परत स्कॅनच्या खोलीत न्यायचं, नव्यानं मोजून खुणा करायच्या. दोन तास जातात. त्या दिवशी माझा जोडीदार रजेवर होता, बाहेर अकरा रुग्ण बसले होते, आणि मला माझ्या बोटांवर भरवसा होता. मी आबांना टेबलाच्या कडेला बसवलं आणि पाठीवरून मणके मोजले. कमरेच्या दोन्ही हाडांची वरची टोकं चाचपायची, त्यांना जोडणारी रेघ मनात ओढायची, आणि तिथून वर मोजत जायचं. माणसाच्या कमरेत पाच मणके असतात. खालून पाचवा तो वरून पहिला. तो हाताला लागला तिथं मी कुशीवर शाईची रेघ ओढली.

आबा पाठमोरे होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, त्यो न्हाई. त्याच्या वरचा."

मी विचारलं, कशावरून.

"माझ्या कमरंत सहा हायेत. माझ्या बापानं मला मोजायला शिकवलं ते माझ्याच पाठीवर, माझा हात मागं धरून. सारखं सहाच भरायचे. म्हातारा म्हणायचा, रंभ्या, तुला एक जादा दिलाय देवानं, मोळी जादा उचलशील."

मी हसलो. वाईट हसलो असं नव्हे. लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं हसलो, आणि ते जास्त वाईट. मी म्हणालो, "आबा, तुमचं मोजणं ओट्यावर. इथं मशीन मोजतं." ते म्हणाले, "तुमी म्हणाल तसं," आणि निजले.

मशीननं फोटो काढला. आता इथं थोडं समजावून सांगायला हवं. शेजारशेजारचे दोन मणके सख्ख्या भावांसारखे दिसतात. जुळवणी संगणक करतो, पण त्याला कुठं पाहायचं ते आम्ही चौकोन आखून सांगतो. मी चौकोन लहान आखला, एका मणक्यापुरता. संगणकानं समोर आलेला मणका घेतला आणि स्कॅनमधल्या मणक्यावर सुबकपणे बसवून दाखवला. गाठीनं मणक्याची डावी कड थोडी कुरतडली होती, ती फोटोत तशी दिसायला हवी होती. दिसली नाही. मला वाटलं, फोटो धूसर आहे. टेबलाचा आकडा सोमवारच्या आकड्यापेक्षा तीन सेंटीमीटरनं वेगळा होता. मला वाटलं, खुणा नव्या आहेत, आबा गादीत वर सरकून निजलेत. दोन इशारे मिळाले होते, आणि दोन्हींना माझ्याकडं उत्तर तयार होतं. अनुभवी माणसाची चूक अशीच होते. नवखा माणूस घाबरून कुणाला तरी हाक मारतो.

बटण दाबण्याआधी डॉक्टरनं फोटो पाहायचा असतो. मॅडम ओपीडीत अडकल्या होत्या. त्यांनी फोनवर विचारलं, जुळलंय का. मी म्हणालो, जुळलंय. त्या म्हणाल्या, मग सुरू करा, मी आलेच. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या ‘जुळलंय’वर त्यांनी कित्येक वर्षं विश्वास ठेवला होता आणि तो कधी खोटा ठरला नव्हता.

आबा पाऊण तास पडून होते. पापणीशिवाय काही हललं नाही.

शुक्रवारी दुपारी, डबा खाता खाता, मी सहज बुधवारचा फोटो उघडला. तसा सहज नव्हे. ‘माझ्या कमरंत सहा हायेत’ हे वाक्य दोन दिवस कुठं तरी कुसळासारखं टोचत होतं. फोटो मोठा केला, कडांपर्यंत ओढला. शेवटची बरगडी जिथं असायला हवी होती तिथून एक मणका वर होती. मग आबांची फाईल काढली. स्कॅनच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर, तळाशी, एका ओळीत छापलेलं होतं की रुग्णाच्या कमरेत सहा मणके आहेत. पहिलं पान मी वाचलं होतं. दुसरं उलटलं नव्हतं.

बुधवारी मी शेजारच्या निरोगी मणक्याला जाळलं होतं, आणि गाठीला त्या दिवशी जवळपास काहीच मिळालं नव्हतं.

काय करायला हवं होतं ते मला पाठ होतं, कारण तेच मी मुलांना शिकवत होतो. चूक दिसल्या क्षणी डॉक्टर आणि फिजिसिस्टला सांगायचं. ते नव्यानं गणित करतील, लागलं तर जादा बैठक देतील. मी डबा झाकला आणि उठलोही. दारातच नीता भेटली. मुलगी हुशार, आकड्यांवर बारीक नजर. तिच्या हातात कागद होता.

"काका, बुधवारी आबांचं टेबल तीन सेंटीमीटर वेगळं का आलंय? मला नोंदीत कारण लिहायचंय."

इतकं सोपं झालं होतं. तिनं दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. निरोपसमारंभाची बोलणी चालू होती. ‘तीनदा मोजा’ हे वाक्य मुलं माझी नक्कल करत एकमेकांना म्हणायची, ते मला आवडायचं. हे सगळं डोक्यात एकाच वेळी आलं असं म्हटलं तर ती सारवासारव होईल. डोक्यात एवढंच आलं की आता ही मुलगी माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहील.

मी म्हणालो, "पेशंट हलला होता."

तिनं कागद पुढं केला. मी माझ्या अक्षरात लिहिलं: ‘रुग्ण हलला. जागा पुन्हा जुळवून घेतली.’ खाली सही केली.

तासाभरानं आबा शेवटच्या बैठकीला आले. या वेळी मी त्यांना स्कॅनच्या खोलीत नेलं, सगळं नव्यानं मोजलं, चौकोन मोठा आखला, मॅडमना बोलावून फोटो दाखवला. योग्य मणक्यावर, मिलिमीटरही न चुकता. आबा उठून बसले आणि म्हणाले, "आज बराबर जागी आला तुमी." मी त्यांच्या पाठीला आधार देत होतो, म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

साडेचार महिन्यांनी चंद्रकला त्यांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आली. आधी कमरेत कळ सुरू झाली, मग पायांतलं बळ जायला लागलं. नवीन स्कॅनमध्ये दोन गोष्टी होत्या. पहिल्या मणक्यातली गाठ पुन्हा वाढून दोरीकडं सरकली होती, आणि तिच्या खालचा मणका, जो निरोगी होता, तो दबून खचला होता.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिन्ही बैठका अचूक झाल्या असत्या तरी गाठ वाढली नसती असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. काहींची वाढते. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की त्याचा अर्थ झिजून गेलाय. आणि तो खचलेला खालचा मणका या वाक्यात कुठंच बसत नाही.

मॅडमच्या खोलीत मीही होतो. त्यांनी फाईल चाळली, माझी नोंद वाचली, आणि जमेल तितक्या हळुवारपणे म्हणाल्या की दुसऱ्या बैठकीला थोडी हालचाल झाल्याचं लिहिलं आहे, त्यामुळं मात्रा इकडं तिकडं झालेली असू शकते, नक्की सांगता येत नाही. तो कुणाचाही दोष नाही, पाऊण तास पडून राहणं अवघडच असतं.

चंद्रकलानं बापाकडं वळून विचारलं, "आबा, हाललात का वं तुमी?"

आबा आठवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते आठवणं दिसत होतं, जसं एखादा माणूस घरातली हरवलेली वस्तू एकेक कोनाड्यात शोधतो. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली फाईलकडं पाहिलं.

"लिवलंय ना साहेबांनी," ते म्हणाले. "मंग हाललो असंन."

बाहेर व्हरांड्यात चंद्रकला औषधं आणायला गेली आणि आम्ही दोघंच उरलो. आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. हाड बसवणाऱ्याचे रुंद, तेलानं काळवंडलेले तळवे.

"तुमची मेहनत वाया घातली म्या. माफ करा साहेब."

मी म्हणालो, "असू द्या आबा. होतं असं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. माझ्या हातून आयुष्यात झालेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत नीच आहे. मणका चुकला ती चूक होती. नोंद लिहिली तो भेकडपणा होता. पण हे तिसरं काय होतं, त्याला मला शब्द सापडलेला नाही.

निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांनी मी सोनईला गेलो. एस्टीत खिडकीशी बसून वाक्य जुळवत होतो. वाक्य लहानच होतं. वस्तीवर पोचलो तर ओट्यावर कुणी नव्हतं. माणसं बसायची ती फळी भिंतीला उभी करून ठेवली होती. चंद्रकला आठवड्यातले चार दिवस माहेरी राहत होती. तिनं पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं की आबांनी लोकांना हात लावणं सोडलंय. पाय गेले तरी हात चांगले होते, खाटेवर बसून करता आलं असतं, लोक यायचेही. पण ते सगळ्यांना माघारी लावतात. म्हणतात, जो सोता हालला त्यानं दुसऱ्याला हालू नको कोन्या तोंडानं सांगावं.

आत आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. खरा आनंद. म्हणाले, रिटायर झालात, आता गाय घ्या एखादी. मी नमस्काराला हात जोडले तर उजव्या मनगटात कळ आली. गेला आठवडाभर ते दुखत होतं, बादली उचलताना लचकलेलं. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"द्या हिकडं," म्हणाले.

मी हात दिला. त्यांनी मनगट दोन्ही तळव्यांत धरलं, अंगठ्यानं कुठं तरी दाबलं, शोधलं. त्यांचे डोळे मिटले. मग सवयीनं शब्द तोंडातून निघाले: "ढिला सोडा. हालू नका." आणि ते थांबले. डोळे उघडले. माझा हात तसाच अलगद त्यांनी माझ्या मांडीवर ठेवून दिला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "नगरला दाखवा कोनाला तरी."

ते वाक्य त्या वेळी माझ्या जिभेवर होतं. चंद्रकला चहा घेऊन आली. मी चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि चार वाजताच्या गाडीनं परत आलो. मनगट पुढं महिनाभर दुखत होतं. मी कुणाला दाखवलं नाही.

पुढच्या चैत्रात आबा गेले. दहाव्याला मी गेलो. आमच्या भागात दशक्रियेला नदीकाठी माईक लावतात. प्रवचन होतं, मग गावातली चार माणसं गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. गर्दी मोठी होती. निम्म्या लोकांचे खांदे आणि पाय आबांनी बसवलेले असणार. शेवटी गावचे एक जुने पुढारी उठले. आबांचे लंगोटीमित्र. रडवेल्या आवाजात, पण माणसांना हसू यावं म्हणून ते म्हणाले, "आमच्या रंभाजीनं उभ्या गावाला दम दिला, हालू नको, हालू नको. अन् मशीनखाली गेला तवा सोताच हालला. देवालाबी न्यायला कायतरी सबब लागती." लोक हसले. प्रेमानंच हसले. बायकांत बसलेली चंद्रकला पण पदरात हसली.

मग सूत्रसंचालकानं पुकारलं की नगरच्या दवाखान्याचे साहेब आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

माईक माझ्या हातात होता. पाचएकशे माणसं, पाणी, पलीकडं उसाची हिरवी भिंत. तिथं ते वाक्य बोललो असतो तर पाचशे तोंडांनी ते तासाभरात पंचक्रोशीत गेलं असतं आणि आबांचं नाव त्यांना परत मिळालं असतं. मी म्हणालो, आबा फार धीराचे होते, त्यांच्या आत्म्याला शांती लाभो. म्हणालो आणि खाली बसलो.

गेल्या महिन्यात मी रुग्णालयात जाऊन मॅडमना सगळं लेखी दिलं आणि नोंद दुरुस्त करा म्हणालो. नीता आता दुसऱ्या शहरात असते. तिलाही पत्र टाकलं. मॅडमनी माझा कागद दोनदा वाचला. रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर चौथी बैठक देता आली असती."

मला हे माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला सात वर्षं लागली. त्यांनी चंद्रकलाला बोलावून घेतलंय. पुढच्या सोमवारी ती येईल. मॅडम म्हणाल्या, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी जाणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणो, ऐकून घेईन. पण तिच्यासमोर जे बोलीन ती हकीकत असेल. माफी ज्याच्या मालकीची होती तो माणूस गेला, आणि जाताना स्वतःला हललेला समजून गेला.

सोनईच्या गाडीत जुळवलेलं ते वाक्य मी अजून कुणासमोर बोललेलो नाही. खाटेशी बसून, मनगट त्यांच्या हातात असताना, एवढंच म्हणायचं होतं:

आबा, तुमच्या कमरेत सहाच होते. आणि तुम्ही हलला नव्हता.